लाल रेघ मारणारी काठी: आबांच्या पार्किन्सन्ससाठी घेतलेल्या लेझर काठीचा रिव्ह्यू

घाईत असलेल्यांसाठी आधीच सांगतो. काठी चांगली आहे पण सगळ्यांसाठी नाही, आणि ऑर्डर करायच्या आधी स्टेशनरीच्या दुकानातनं पांढऱ्या चिकटपट्टीचा एक रोल आणा, घरातल्या फरशीवर पावलापावलाच्या अंतरावर आडव्या पट्ट्या मारा आणि त्यावरनं पेशंटला चालवून बघा. पट्ट्यांवर पाय सुटले तर काठीचा विचार करायचा, नाही सुटले तर साडेतीन हजार वाचले म्हणायचं. पाचपैकी साडेतीन स्टार. पुढचं सगळं ज्यांच्या घरात पार्किन्सन्स (कंपवात) आहे त्यांच्यासाठी, जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

वस्तू काय आहे ते आधी. साधी ॲल्युमिनियमची काठी, बटण दाबून उंची कमीजास्त होते, खाली रबरी टोपी, आणि मुठीच्या खाली काडेपेटीएवढा काळा डबा. काठी टेकवून जोर दिला की त्या डब्यातनं लाल लेझरची आडवी रेघ पावलाच्या पुढं जमिनीवर पडते, काठी उचलली की बंद. रेघ ओलांडून पाऊल टाकायचं, एवढंच काम. आमच्या आईनं बॉक्स उघडल्या उघडल्या विचारलं, "ह्या रेघंनं पाय सुटणार व्हय रं? देवर्षाचं काम हाय का काय हे?" शंका रास्त आहे, मलाही तीच होती.

आबा एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. कंपवात म्हणलं की लोकांना हात थरथरणं आठवतं, पण आमच्याकडं थरथर फार नाहीच, खरा त्रास पाय चिकटण्याचा. डॉक्टर लोक त्याला फ्रीझिंग म्हणतात. बाहेरच्या खोलीतनं नीट चालत येतात आणि स्वयंपाकघराच्या दारात आले की खलास. टाचा वर उठतात, गुडघे बारीक लटलटायला लागतात, चवडे जमिनीला चिकटलेले, आणि वरचं अंग मात्र पुढं निघालेलं असतं, त्यामुळं पडायची भीती तिथंच सगळ्यात जास्त. वळताना तेच, लिफ्टमध्ये शिरताना तेच, पलंग आणि कपाटाच्या मधल्या बोळात तेच. आणि हाच माणूस वाड्याचा दगडी जिना मात्र धडाधड चढतो! नातेवाईक बघतात आणि म्हणतात, आत्ता जिना चढले की हो, मग इथं काय झालं, मुद्दाम करतात का? करत नाहीत हो. जिन्याची प्रत्येक पायरी ही एक आडवी रेघच आहे, सगळी मेख तिथं आहे.

हे असं का होतं ते न्यूरोच्या डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागं चित्र काढून सांगितलं, नंतर मी बरंच वाचलं, आणि ते कळल्याशिवाय ही काठी घेतली तर हातात नुसता एक महागडा टॉर्च येतो. मेंदूत खोलवर बेसल गँग्लिया नावाच्या गाठींचा गट असतो. हालचालीचा हुकूम मेंदूच्या वरच्या थरातनं, म्हणजे कॉर्टेक्समधनं, ह्या गाठींत उतरतो, तिथनं थॅलॅमस नावाच्या मधल्या भागाकडं, थॅलॅमसकडनं परत कॉर्टेक्सला, असं ते गोल सर्किट. गाठींच्या आत दोन वाटा आहेत, एक 'चल' म्हणणारी, एक 'थांब' म्हणणारी. डोपामिन नावाचं मेंदूतलं रसायन 'चल'ला जोर देतं आणि 'थांब'ला दाबून ठेवतं. डोपामिन बनवणाऱ्या पेशी सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या काळपट भागात असतात, त्या एकेक करून मरत जातात, हालचालीत फरक दिसायला लागतो तोवर निम्म्याच्या आसपास गेलेल्याही असतात. मग दोन्हीकडनं मार बसतो, 'चल' मंद होतं आणि 'थांब' मोकाट सुटतं, आणि सर्किटच्या तोंडावरची शेवटची गाठ थॅलॅमसला सतत दाबून धरते. आबांना मी त्यांच्या धंद्यातलं सांगितलं, हँडब्रेक ओढलेला ठेवून तुम्ही गाडी फर्स्टला टाकताय. "म्हंजे इंजिन चांगलं हाय की," म्हणाले.

आणि इंजिन खरंच चांगलं असतंय, हे सिद्ध झालेलं आहे. १९८२ ला कॅलिफोर्नियात काही तरुणांनी बनावट हेरॉइन टोचून घेतलं, त्यात एमपीटीपी नावाची भेसळ होती, आणि काही दिवसांतच ती पोरं म्हाताऱ्या पार्किन्सन्स पेशंटसारखी गोठून बसली. तेच विष देऊन माकडांवर प्रयोग झाले, आणि १९९० ला असं दिसलं की सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाची एक एवढीशी गाठ निकामी केली की गोठलेलं माकड परत हलायला लागतं. विचार करा, डोपामिन परत दिलेलं नाही, मेलेल्या पेशी जिवंत केलेल्या नाहीत, फक्त सर्किटमधला एक जास्त ओरडणारा तुकडा गप्प केला. फ्रान्समध्ये ग्रनोबलला बेनाबीद नावाच्या सर्जननी १९८७ पासनं मेंदूत बारीक तार सोडून वेगानं करंट देऊन थरथर थांबवायला सुरुवात केली होतीच, पुढं तीच तार ह्या गाठीत घालायला लागले, ते म्हणजे डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन). आमच्या ओळखीत एकांनी पुण्याला जाऊन केलंय, त्यांची थरथर आणि ताठरपणा बघण्यासारखा कमी झाला. पण डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं की जे पाय चिकटणं गोळीनं सुटत नाही ते बहुतेक वेळा डीबीएसनंही सुटत नाही. म्हणून तर काठीच्या नादाला लागलो.

आता रेघ का चालते ते. डोपामिनचा तुटवडा पुटामेन नावाच्या गाठीच्या मागच्या भागाला सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त बसतो, आणि सवयीची कामं, म्हणजे चालणं, हात हलवणं, शर्टाची बटणं लावणं, ही आपोआप चालवणारा भाग तोच. तुम्ही आम्ही चालताना पायाकडं लक्ष देत नाही, मोबाईल बघत कोल्हापूरचा बिंदू चौक ओलांडतो. आबांचं हे आपोआपचं खातं बंद पडलंय, त्यांना प्रत्येक पाऊल लक्ष देऊन टाकावं लागतं, आणि लक्ष ही गोष्ट तर एकच असते. चालता चालता आईनं मागनं विचारलं "गोळी घेतली का ओ?" की पाय तिथंच बंद. उत्तर द्यायचं का पाऊल टाकायचं, दोन्ही एकदम होत नाही. समोर रेघ दिसली की मात्र हुकूम आतनं न येता बाहेरनं येतो, डोळ्यातनं. डोळ्यानं बघून पाऊल टाकायचं काम कॉर्टेक्सचे दुसरे भाग आणि लहान मेंदू मिळून करतात असं मानतात, ती वाट पार्किन्सन्समध्ये बऱ्यापैकी शाबूत असते. बंद रस्ता सोडून बायपासनं जायचं, बास.

हे काय कुठल्या कंपनीनं काल शोधलेलं नाही. पर्डन मार्टिन नावाच्या ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्टनी १९६७ लाच लिहून ठेवलंय की जमिनीवर आडव्या रेघा मारल्या की चिकटलेले पेशंट त्यावरनं पावलं टाकत जातात. रेघा उभ्या मारून उपयोग नाही, आडव्याच पाहिजेत. २०१० ला नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी एका पेशंटचा व्हिडिओ छापला होता, दोन पावलं धड टाकता येत नाहीत आणि सायकलवर बसवल्यावर मस्त पैकी सायकल चालवतोय! तिकडंच २०१८ ला बुटावर लेझर बसवून २१ पेशंटवर बघितलं, तर गोळीचा असर नसताना पाय चिकटायचे प्रकार जवळपास निम्म्यानं कमी झाले. निम्म्यानं, पूर्ण नाही. हा आकडा डोक्यात ठेवून वस्तू घ्या, नाहीतर ऑनलाईन जाहिरातीत आजोबा काठी हातात घेऊन बागेत पळतायत ते बघून फसाल.

तर आमचा अनुभव. घरात आमच्या वाड्यात जुनी शहाबादी फरशी आहे, तिच्या सांध्यांच्या काळ्या रेघा ठळक दिसतात, त्यामुळं मधल्या खोलीत आबांना काठीची गरजच पडत नाही, सांधे बघत बघत चालतात. स्वयंपाकघराच्या दारात मात्र उंबरा काढून आम्ही मागं सपाट कोटा बसवला होता, बरोबर तिथं चिकटतात. तिथं काठी टेकवली, रेघ पडली, आणि पहिलं पाऊल सुटलं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आई देवघराकडं बघून हात जोडत होती. राजारामपुरीत भावाचा फ्लॅट आहे, तिथं चकचकीत पांढऱ्या मोठ्या टाईल्स, सांधा दिसतच नाही, आबा तिथं जायलाच नको म्हणायचे. आता काठी घेऊन जातात, पॅसेजमध्ये वळताना अजून अडकतात पण आधीसारखं दोघांनी दंडाला धरून ओढावं लागत नाही. (ओढू नका कधी, वरचं अंग पुढं जातं आणि पाय मागं राहतात, पडलेच समजा.) बँकेत, दवाखान्याच्या लांब कॉरिडॉरमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये काठी एक नंबर. हॉलमध्ये नक्षीचा गालिचा असला तर रेघ नक्षीत हरवते, तेवढं बघा.

बाहेर उन्हात? झिरो. सकाळी साडेनऊनंतर रंकाळ्यावर नेली तर लाल रेघ दिसतच नाही, आबा म्हणाले, "रेघ कुठाय? बॅटरी संपली काय?" बॅटरी फुल होती. हिरवं लेझर असलेली काठी उजेडात जास्त दिसते कारण आपल्या डोळ्याला हिरवा रंग जास्त पकडता येतो, पण ती महाग आहे आणि मी ऑर्डर केली त्या साईटवर ती नव्हतीच. त्यामुळं रंकाळ्याचा राउंड आम्ही सूर्य उगवायच्या आधी किंवा दिवेलागणीनंतर करतो. महाद्वार रोडच्या गर्दीत काठी अजिबात काढू नका, पुढच्या माणसाच्या पायावर रेघ पडते, लोक वळून बघतात, आबांना लाजल्यासारखं होतं आणि लाजले की अजून चिकटतात. त्यालाही कारण आहे, ह्या गाठींमधनं एकच सर्किट जात नाही, हालचालीचं, विचाराचं, भावनेचं अशी समांतर सर्किटं शेजारी शेजारी चालतात, हे १९८६ पासनं मांडलेलं आहे, आणि टेन्शन आलं की त्याचा लोड पायावर येतोच. दारावरची बेल वाजली, लिफ्टचं दार बंद व्हायला लागलं, मागनं रिक्षावाल्यानं हॉर्न दिला की संपलं. तिथं काठीपेक्षा "सावकाश आबा, काय घाई नाही" हे जास्त कामाला येतं.

बनावटीबद्दल बोलायचं तर कंजूषपणा केलाय. बॅटरीचं झाकण म्हणजे पातळ प्लॅस्टिकची पट्टी, दोन पेन्सिल सेल आत बसतात पण झाकणाची कडी पहिल्याच महिन्यात तुटली, आता रबरबँड लावून चालू आहे. रेघेचा अँगल बदलायला बारीक स्क्रू दिलाय, चष्म्याच्या दुकानातला असतो तसला स्क्रूड्रायव्हर लागतो, बॉक्समध्ये दिलेला नाही. रेघ फार लांब पडली तर आबा ढांग टाकायला जातात आणि तोल जातो, फार जवळ पडली तर पाऊल तुरुतुरु पडतं, त्यामुळं हा अँगल लावणं सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं त्याचंच मॅन्युअल नाही! आमच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी चालवून, खडूनं खुणा करून बसवून दिला. कस्टमर केअरला फोन केला तर "सर फोटो पाठवा", फोटो पाठवला तर "सर व्हिडिओ पाठवा", व्हिडिओ पाठवला तर गप्प. झाकण काय आलं नाही. अजून एक, घरात लहान पोरं असतील तर लेझर डोळ्यात जाणार नाही याची काळजी घ्या, आमच्या पुतण्यानं ती काठी बंदूक म्हणून वापरायला सुरुवात केली होती.

एक गोष्ट ज्यांना काठी सूट होत नाही त्यांच्यासाठी. काही पेशंट रेघेवर चालतात, काही तालावर. मॅडमनी मोबाईलवर मेट्रोनोमचं ॲप लावून दिलं, टक टक टक, आबांना दोन मिनिटांत वैताग आला, "बंद कर ते घड्याळ" म्हणाले. मग मी हलगी लावली. तालमीच्या मिरवणुकीत वाजते ती, जरा संथ ठेक्याची रेकॉर्डिंग शोधून. काय सांगू भावांनो, वाकलेली पाठ सरळ झाली आणि गडी उंबरठ्यातनं असा बाहेर पडला की आई म्हणाली, कुस्तीला निघालाय जणू. ठेका फार फास्ट घेऊ नका, पावलं छोटी होत जातात आणि मग पळत सुटल्यासारखं होतं. फुकट आहे, उन्हातही चालतं, काठी टेकवायची भानगड नाही. आता बाहेर हलगी आणि आत रेघ अशी वाटणी आहे आमची.

आणि गोळीचं टाईमिंग चुकलं तर काठी काय करणार? लेव्होडोपाची गोळी (मेंदूत जाऊन तिचं डोपामिन होतं, आपल्याकडं बहुतेकांची सिंडोपा असते) आतड्यातनं रक्तात आणि रक्तातनं मेंदूत ज्या दारातनं शिरते त्याच दारातनं प्रथिनं पचून तयार झालेली अमिनो ॲसिड्स शिरतात. दोघांची गर्दी झाली की गोळी मागं राहते. आपल्या गावात हे फार महत्त्वाचं आहे कारण सकाळी गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध, दुपारी मटण, वर रस्सा, हे सगळं प्रथिन. आमचे आबा कट्ट्यावरचे जुने गिऱ्हाईक, दूध सोडणार नाही म्हणाले, मग डॉक्टरांनी सोडायला लावलं नाही, गोळी आधी अर्धा तास उपाशीपोटी आणि दूध नंतर असं बसवून दिलं. मटण रात्री, कारण रात्री कुठं चालत जायचंय. ह्या एका बदलानं काठीपेक्षा जास्त फरक पडला हे काठीच्या रिव्ह्यूत लिहायला विचित्र वाटतंय, पण खरं आहे. शेजारचे एक काका खाजकुइलीच्या बियांची पावडर घ्या म्हणून मागं लागलेत, तिच्यात लेव्होडोपा खरंच असतंय, १९३७ लाच आपल्या देशातल्या संशोधकांनी त्या बियांतनं वेगळं काढलं होतं. पण म्हणूनच डॉक्टरांना न विचारता गोळीच्या जोडीला घ्यायची नाही, डोस डबल होतो आणि अंग वेडंवाकडं हलायला लागतं.

तर काठी कोणी घ्यावी? ज्यांचे पाय दारात, वळताना चिकटतात, ज्यांना काठी टेकवून रेघेकडं बघायचं लक्षात राहतं, आणि ज्यांचा तोल बऱ्यापैकी आहे. ज्यांना विसराळूपणा जास्त आहे त्यांना रेघ बघून पाऊल टाकायचं हेच आठवत नाही, तिथं पैसे घालू नका. अल्झायमर असलेल्या आजींसाठी एकानं विचारलं होतं, त्यांच्यासाठी तर अजिबातच नाही, तिथं आधी बिघडतं ते हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या एन्टोरायनल कॉर्टेक्सचं सर्किट, म्हणजे आठवणीचं आणि वाट ओळखायचं, आजी चालतील व्यवस्थित पण कुठं जातील सांगता यायचं नाही. नुसती थरथर असणाऱ्यांनाही ह्या रेघेचा काय फायदा नाही. आणि तोल फारच जात असेल तर एका काठीच्या भरवशावर सोडू नका, माणूस बरोबर पाहिजेच.

रेघेचाच अजून एक उपयोग, ह्यात काठी लागत नाही. आबांची सही बारीक बारीक होत शेवटी मुंगीएवढी व्हायची, बँकेनं दोनदा चेक परत पाठवला. मॅडमनी पोरांची दुरेघी वही आणायला सांगितली, दोन रेघांना अक्षर टेकवून रोज पानभर लिहायचं. रेघा असल्या की अक्षर मोठं राहतंय, कोऱ्या कागदावर परत बारीक होतंय, म्हणून आता चेकवर सहीच्या जागी आधी पेन्सिलीनं वरखाली दोन रेघा मारून देतो.

खालची रबरी टोपी चार-पाच महिन्यांत झिजते आणि ओल्या फरशीवर घसरते. कंपनीकडं स्पेअर मागू नका, कुठल्याही सर्जिकलच्या दुकानात मिळते, काठी सोबत घेऊन जा म्हणजे साईज चुकणार नाही.